बिनभांड्यांचा स्वयंपाक आणि रानातील स्पर्धा : परीक्षकाने केव्हा यावे?

आपला प्रश्न मला समजला तो असा. डिसेंबरच्या अखेरीस तीन शाळांचा मिळून दोन दिवसांचा स्काउट-गाइड मेळावा आपल्या गावच्या गायरानावर भरणार आहे. ११ ते १४ वर्षे वयाची ४८ मुले-मुली येणार आहेत आणि त्यांच्यासाठी बिनभांड्यांच्या स्वयंपाकाची एक व ‘रानात तग धरणे’ अशी दुसरी स्पर्धा आपल्याला घ्यायची आहे. गेल्या वर्षी ज्या संघाने केळीच्या पानावर झेंडूच्या पाकळ्यांची नक्षी काढली तो पहिला आला आणि बाकीची मुले हिरमुसली. म्हणून यंदा पदार्थ कोणते ठेवावेत, गुण कसे द्यावेत आणि कोणालाही इजा होऊ नये यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे. शेवटी, ज्या संघाची चूल पेटतच नाही त्याला शून्य गुण देणे योग्य आहे का, असाही एक प्रश्न आपण घातला आहे. मी २६ वर्षे शाळेचे स्काउट पथक चालवले आणि या काळात अशा बऱ्याच स्पर्धा घेतल्या, काही बिघडवल्याही. त्या अनुभवावरून सविस्तर लिहीत आहे.

आपले सगळे प्रश्न माझ्या मते एका गोष्टीपाशी येऊन थांबतात : परीक्षक केव्हा येतो? बहुतेक मेळाव्यांत परीक्षक शेवटच्या १५ मिनिटांत, ताटे मांडून झाल्यावर येतात, एकेक घास चाखतात आणि गुण लिहून निघून जातात. त्यांच्यासमोर फक्त ताट असते, म्हणून ते ताटाला गुण देतात. मुलेही हुशार असतात. पुढच्या वर्षी ती लाकूड निवडण्यापेक्षा फुले गोळा करण्यात वेळ घालवतात. परीक्षक पहिल्या मिनिटापासून चुलीपाशी उभा असेल, तर काडी कोणी लावली, हात कोणी धुतले, लहान मुलाच्या हाती काम आले की तो नुसता धुरात डोळे चोळत बसला, हे सर्व त्याला दिसते. मग गुणपत्रक आपोआप बदलते आणि सुरक्षिततेचा अर्धा प्रश्नही सुटतो, कारण प्रत्येक चुलीजवळ एक जाणते माणूस हजर असते. तेव्हा पहिली सूचना अशी की, बाहेरून मानाचे दोन परीक्षक बोलावण्याऐवजी दर दोन चुलींमागे एक शिक्षक किंवा अनुभवी पालक नेमावा आणि त्याने स्पर्धा सुरू झाल्यापासून राख थंड होईपर्यंत जागा सोडू नये. आठ-आठ जणांचे सहा संघ धरले, तर अशी तीन माणसे पुरतात. चौथे माणूस फक्त पाणी आणि प्रथमोपचार यांसाठी मोकळे ठेवावे.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या इथे बसून मी ठरवू शकत नाही. आपले गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहे की त्याचा काही भाग वनखात्याकडे आहे, हे आधी तलाठ्याकडे किंवा वनरक्षकाकडे विचारून घ्यावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवाना आग पेटवणे हा गुन्हा आहे आणि हद्दीचा दगड कुठे आहे हे सांगणारी पाटी प्रत्येक ठिकाणी नसते. दुसरी गोष्ट गवताची. डिसेंबरअखेर घाटमाथ्यावरचे गवत पिवळे पडून कडक वाळलेले असते. जनावरांनी चरून ते खुरटे झाले असेल तर जागा वापरता येईल. गुडघाभर उभे असेल, तर कितीही सोयीची असली तरी ती जागा सोडावी आणि नांगरलेले मोकळे शेत किंवा शाळेचे मैदान घ्यावे. तिसरी गोष्ट म्हणजे मुलांचा सराव. ज्या मुलांनी घरी कधी चूल पेटवलेली नाही, त्यांना थेट स्पर्धेत उतरवू नये. मेळाव्याआधी निदान दोन शनिवार शाळेच्या आवारात फक्त आग पेटवणे आणि विझवणे, एवढेच करून घ्यावे.

वेळ सकाळची ठेवावी. डिसेंबरात पहाटे दव पडलेले असते, त्यामुळे भोवतालचे गवत लगेच पेट घेत नाही आणि साधारण साडेदहा-अकरापर्यंत वारा पडलेला असतो. दुपारी ऊन तापले की वावटळी उठतात आणि चुलीतले जळते पान पंधरा-वीस फूट सहज जाते. मी साडेआठला सुरुवात करून साडेअकराच्या आत चुली विझवण्याचा दंडक ठेवला होता. दवामुळे काटक्या ओलसर होतात ही अडचण खरी आहे. परंतु आदल्या संध्याकाळी सरपण गोळा करून, गोणपाटाखाली झाकून ठेवण्याची आठवण कोणत्या संघाला राहिली, हे पाहण्याची ती उत्तम संधी आहे. मी त्याला दोन गुण ठेवत असे.

चुलीची जागा ठरवताना सभोवार किमान दहा फुटांचे वर्तुळ पालापाचोळ्यापासून साफ करून घ्यावे. गवताची मुळे खाली असतील तर फावड्याने वीतभर थर उचलून बाजूला ओला करून ठेवावा आणि शेवटी तो पुन्हा बसवावा. चुलीसाठी दगड आणतानाची माझी एक चूक आपणास सांगतो, कारण ती टाळता येण्याजोगी होती. एका शिबिरात ओढ्याकाठी चुली होत्या आणि मुलांनी ओढ्यातलेच गुळगुळीत गोटे उचलून आणले. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही. अर्ध्या तासाने एक गोटा मोठा आवाज होऊन फुटला आणि त्याची कपची एका मुलाच्या नडगीला लागली. जखम किरकोळ होती, पण ती डोळ्याला लागली असती तर काय झाले असते, हा विचार मला अनेक रात्री सोडत नव्हता. कारण साधे आहे. पाण्यात राहिलेल्या दगडाच्या छिद्रांत आणि भेगांत पाणी मुरलेले असते, तापल्यावर त्याची वाफ होते आणि बाहेर पडायला वाट मिळाली नाही की दगड फुटतो. आपल्याकडचा काळा दगड पुष्कळदा बारीक छिद्रांचा असतो, त्यामुळे हा धोका अधिक. म्हणून दगड नेहमी उंचवट्यावरचे, कोरडे घ्यावेत. त्याहून बरे म्हणजे भाजलेल्या जुन्या विटा आणाव्यात.

दगड उचलण्याबाबत आणखी एक नियम कडक ठेवावा : आधी काठीने दगड आपल्यापासून दूर उलटावा, मग हात लावावा. दगडाखाली फुरसे हा विषारी साप असू शकतो आणि विंचूही असतो. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने पूर्वी किती मुले दगावत, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवल्यानंतर हे चित्र किती पालटले, हे मी प्रत्येक शिबिराच्या आदल्या रात्री मुलांना सांगत असे. नियमामागचे कारण कळले की मुले तो पाळतात, असा माझा अनुभव आहे.

आता आगीविषयी. स्काउटिंगमध्ये दोन काड्यांत आग पेटवण्याची जुनी कसोटी आहे आणि ती आजही तितकीच चांगली आहे, कारण काडी लावण्याआधी काय केले याची ती परीक्षा असते. मुलांना मी सरपणाचे चार ढीग करायला लावतो : आगपेटीच्या काडीएवढे, पेन्सिलीएवढे, अंगठ्याएवढे आणि मनगटाएवढे. पहिल्या ढिगाखाली वाळलेले गवत, नारळाचा काथ्या किंवा तुराटीचा चुरा ठेवावा. लाकूड वाळले आहे की नाही हे ते मोडून पाहावे. ‘कट्’ असा आवाज होऊन तुटले तर वाळलेले, वाकून सोलपटले तर ओले. झाडाची फांदी तोडू द्यायची नाही, पडलेलेच घ्यायचे. आपल्या भागात बाभळीचे लाकूड मिळाले तर त्यासारखे दुसरे नाही, कारण त्याचा निखारा दाट पडतो आणि टिकतो. तुराट्या आणि पऱ्हाट्या झटकन पेटतात, पण तितक्याच लवकर विझतात, म्हणून त्या पेटवण्यापुरत्याच ठेवाव्यात. एका संघाला दहा-बारा किलो वाळके सरपण पुरते. वखारीतून तुकडे आणणार असाल, तर प्लायवूड आणि रंगवलेली फळी कटाक्षाने वगळावी.

कोणते लाकूड वापरू नये, हे शिकवणे अधिक महत्त्वाचे आहे आणि नेमके तेच बहुधा राहून जाते. कण्हेरीच्या सरळ, गुळगुळीत फांद्या भाजण्याच्या सळईसाठी मुलांना मोहात पाडतात, पण कण्हेरीचे मूळ, खोड, पान, फूल सर्वच विषारी आहे. रुई आणि शेर यांचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. बिब्ब्याचे तेल कातडीवर फोड आणते आणि त्याचा धूरही बाधतो. स्पर्धेच्या आदल्या दिवशी या चार झाडांच्या फांद्या आणून दुरून दाखवाव्यात आणि सरपणात त्यांपैकी एखादी सापडल्यास संपूर्ण ढीग बदलायला लावावा.

बिनभांड्यांच्या स्वयंपाकात मुलांचा सर्वांत मोठा गैरसमज असा असतो की, मोठी ज्वाळा म्हणजे लवकर शिजणे. ज्वाळेवर बाटी धरली की बाहेरून कोळसा होते आणि आत कणीक तशीच राहते. एकदा एका संघाची बाटी दिसायला इतकी खरपूस होती की मीच तिला पहिला क्रमांक देणार होतो. संघनायकाने ती मोडून दाखवली तेव्हा आतून ओला गोळा निघाला. त्या दिवसापासून प्रत्येक पदार्थ मधोमध मोडून पाहिल्याशिवाय मी गुण लिहिलेले नाहीत. शिजते ते निखाऱ्यावर आणि निखारा पडायला बाभळीच्या लाकडालासुद्धा ४० ते ५० मिनिटे लागतात. म्हणून पहिला पाऊण तास कोणताही पदार्थ आगीजवळ न्यायचा नाही, असा नियमच करावा. त्या वेळात कणीक मळणे, भाज्या धुणे, पाने पुसणे ही कामे होतात. निखाऱ्याची धग ओळखण्यासाठी तळहात त्यापासून वीतभर उंचीवर धरून शांतपणे आकडे मोजावेत. दोन-तीनपर्यंतच हात टिकला तर धग फार आहे, चार-पाचपर्यंत टिकला तर बाटी आणि वांगी यांना योग्य आहे, त्यापुढे टिकला तर रताळी पुरून ठेवायला चांगली आहे. ही मोजणी प्रौढ व्यक्ती शेजारी असतानाच करू द्यावी.

पदार्थ निवडताना इंग्रजी पुस्तकांतल्या काठीला गुंडाळलेल्या पावाकडे जाण्याची मला कधी गरज वाटली नाही. निखाऱ्यावरच्या स्वयंपाकाची परंपरा आपल्याकडे भरपूर आहे आणि ती मुलांच्या घरातलीच असते. विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजतात, खानदेशात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजतात, सोलापूर-नगरकडे थंडीत शेतात आगटी करून ज्वारीचा हुरडा होतो, कोकणात केळीच्या पानात पानगी होते. अलिबागकडची पोपटी तर या स्पर्धेची मोठी बहीणच म्हणावी. वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ आणि ओवा मडक्यात भरून, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड बंद करून, मडके उपडे घालून भोवती जाळ करतात. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा स्वतःच्याच वाफेवर शिजतात. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर ते चर्र करून उडून गेले की पोपटी झाली, ही ओळख अनुभवी माणसे वापरतात. मडके हे भांडे असल्यामुळे ती स्पर्धेत बसत नाही, पण शिबिराच्या रात्री सर्वांसाठी म्हणून अवश्य करावी. मुलांना आजीकडून एक तरी पद्धत विचारून यायला सांगावे. त्यातून जे पदार्थ येतात ते आपण ठरवलेल्यांपेक्षा चांगले असतात.

आपल्या ४८ मुलांसाठी मी सर्व संघांना एकच पदार्थसंच देईन : बाटी, वांग्याचे भरीत आणि भाजलेले रताळे. सारखा शिधा दिला की कोणत्या पालकाने काजू-बदाम पाठवले, हा प्रश्न उरत नाही आणि गरीब घरच्या मुलाला कमीपणा येत नाही. आठ जणांना सव्वा किलो जाडसर कणीक, दोन मोठी वांगी, आठ मध्यम रताळी, चार कांदे, थोड्या मिरच्या, लसूण, मीठ, ओवा आणि वाटीभर तेल पुरेसे होते. कणीक मळायला परात नको. पिठाच्या पिशवीतच मधोमध आळे करून त्यात हळूहळू पाणी घालावे आणि जेवढे पीठ भिजेल तेवढेच आतल्या आत मळावे. स्वच्छ धुतलेल्या केळीच्या पानावरही मळता येते. बाटी लिंबाएवढी ठेवावी आणि थोडी चपटी करावी. एवढ्या आकाराची बाटी मध्यम आरात, उलटत-सुलटत, २०-२५ मिनिटांत आतपर्यंत होते. नारळाएवढे गोळे करणारे संघ नेहमी अडकतात. वांग्याला भाजण्यापूर्वी टोकदार काडीने चार-पाच ठिकाणी टोचावे, नाहीतर आतल्या वाफेने ते फुटून गरम गर अंगावर उडतो. रताळी मात्र न सोलता, राखेत पुरून ठेवावीत आणि विसरून जावीत.

आपण अंडी आणि मांसाहार ठेवावा का, असे विचारलेले नाही, पण कोणीतरी सुचवील म्हणून लिहितो. मांस ठेवू नये, कारण ते अर्धवट शिजल्याने होणारा त्रास सायंकाळी, मुले घरी परतल्यावर सुरू होतो आणि तेव्हा आपण जवळ नसतो. अंडे ठेवले तर वरच्या टोकाला छोटे भोक पाडूनच आराजवळ ठेवावे, अन्यथा ते फुटते. ओल्या बांबूच्या नळीत भात शिजवणे फार देखणे असते, तरीही दोन्ही पेरे बंद असलेली नळी आगीत गेली तर ती बॉम्बसारखी फुटते. ११-१२ वर्षांच्या मुलांच्या स्पर्धेत ती मी येऊ देत नाही. ॲल्युमिनियमच्या कागदाबद्दल मते वेगवेगळी आहेत. मी तो बंद ठेवतो, कारण पळसाच्या आणि केळीच्या पानांनी तेच काम होते आणि मागे चकचकीत तुकडे राहत नाहीत.

गुणांची विभागणी मी शंभरांत अशी करतो. सरपणाची निवड, चुलीची मांडणी आणि दोन काड्यांत पेटवणे यांना २५, आगीजवळची शिस्त आणि सुरक्षितता यांना २०, पदार्थ आतपर्यंत शिजला आहे का याला २०, हात, पाने आणि पाणी यांच्या स्वच्छतेला १५, काम आठही जणांत वाटले गेले का याला १० आणि जागा पूर्ववत करण्याला १०. सजावटीला वेगळा गुण नाही. चवीलाही वेगळा गुण नाही. जे नीट शिजले, ज्यात राख नाही आणि मीठ आहे, ते उपाशी मुलाला चविष्टच लागते. कामाच्या वाटणीचे १० गुण कमी वाटतील, पण निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो. १९०७ साली स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे पहिले शिबिर घेतले तेव्हाही मुलांचे चार छोटे संघ पाडले होते आणि आपली संघ पद्धती त्याच मुळातून आली आहे. संघनायकाने सगळे स्वतः केले तर पदार्थ चांगला होतो आणि संघ बिघडतो. परीक्षकाने दर २० मिनिटांनी, कोण काय करीत आहे, एवढी एक ओळ लिहून ठेवली की हे गुण देणे सोपे जाते.

आता दुसऱ्या स्पर्धेकडे वळतो. ‘रानात तग धरणे’ हे नाव ऐकताच मुलांच्या डोळ्यांपुढे दूरचित्रवाणीवरची साहसे येतात : किडे खाणे, कड्यावरून उतरणे, रात्री एकटे राहणे. ११ ते १४ च्या मुलांना यातले काहीही शिकवण्याची आवश्यकता नाही. सह्याद्रीत वाट चुकलेले मूल संकटात सापडते ते बहुधा घाबरून चालत राहिल्यामुळे. अंधारात ते कड्याकडे किंवा घळीत उतरते आणि शोधणाऱ्यांपासून दूर जाते. म्हणून या स्पर्धेचा गाभा ‘थांबणे’ हा असावा आणि गुणही त्यालाच असावेत. मी पहिला टप्पा असा घेतो : संघाला एक छोटी गोष्ट सांगायची की संध्याकाळचे पाच वाजले आहेत, वाट दिसत नाही, एका मुलाचा पाय मुरगळला आहे, जवळ दोन बाटल्या पाणी, एक चादर, चार काठ्या, दोरी आणि शिट्टी आहे. मग दहा मिनिटांत त्यांनी काय काय करायचे ते ठरवून सांगायचे. जो संघ ‘दोघे जण गाव शोधायला जातील’ म्हणतो त्याचे गुण कमी होतात. जो एकत्र थांबतो, उघड्यावर दिसेल अशी जागा निवडतो, तीन-तीन शिट्ट्यांनी ठरावीक अंतराने खूण करतो आणि पाय मुरगळलेल्याला जमिनीच्या गारव्यापासून वाचवतो, तो पुढे जातो.

दुसरा टप्पा निवाऱ्याचा. चादर, काठ्या आणि दोरी यांतून अर्ध्या तासात आठ जण बसतील असा आडोसा उभारायचा. इथे क्लोव्ह हिच आणि रीफ नॉट या दोरीच्या गाठी प्रत्यक्ष उपयोगात येतात आणि वर्गात फळ्यावर शिकवलेल्या गाठी हातात किती उतरल्या ते कळते. परीक्षकाने बादलीभर पाणी वरून ओतावे आणि आत बसलेल्या संघाला विचारावे की वाऱ्याची दिशा कोणती होती. आडोशाचे तोंड वाऱ्याकडे असेल तर उत्तर मुलांना स्वतःच सापडते.

तिसरा टप्पा दिशांचा आणि तो रात्री, शेकोटीआधी घ्यावा. बहुतेक पुस्तकांत सप्तर्षींवरून ध्रुव शोधायला सांगतात. डिसेंबरअखेर संध्याकाळी महाराष्ट्रातून सप्तर्षी क्षितिजाखाली असतात आणि मुले आकाशात जे नाही ते शोधत राहतात. त्या वेळी उत्तरेला शर्मिष्ठा हा इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखा तारकासमूह चांगला वर दिसतो. तो आधी दाखवावा आणि मग त्याच्या खाली, क्षितिजापासून १८-१९ अंशांवर ध्रुव दाखवावा. हात ताठ करून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठी म्हणजे साधारण २० अंश होतात. ध्रुवाची उंची आपल्या गावाच्या अक्षांशाएवढीच असते, हे सांगितल्यावर भूगोलाच्या तासाला न उमगलेली गोष्ट मुलांना एका क्षणात समजते. आपल्या मेळाव्यातील हा भाग आपण कितीही घाई झाली तरी वगळू नये, अशी माझी आपणास मनापासून विनंती आहे.

रानातल्या खाद्य वनस्पतींची स्पर्धा मात्र केवळ ओळखण्याची ठेवावी, खाण्याची नको. आवळा, बोर, चिंच आणि करवंदीचे पान ओळखा, एवढे पुरे. त्याच चादरीवर गुंजेच्या बिया, धोतऱ्याचे फळ आणि मोगली एरंडाच्या बियाही ठेवाव्यात आणि ‘याला हात लावायचा नाही’ असे ओळखणाऱ्याला दुप्पट गुण द्यावेत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुलांनी खाल्ल्या आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात दाखल झाली, अशा बातम्या आपल्या राज्यात वारंवार येतात. पाण्याच्या बाबतीतही एक भ्रम काढून टाकावा : फडक्याने गाळलेले पाणी स्वच्छ दिसते, पण निर्जंतुक होत नाही. ते खळखळून उकळी येईपर्यंत तापवून त्यानंतर निदान एक मिनिट उकळत ठेवावे लागते. पळसाच्या द्रोणात पाणी घेऊन निखाऱ्यावर ते उकळून दाखवल्यास मुले थक्क होतात. पाणी असेपर्यंत पानाचे तापमान शंभर अंशांच्या फार वर जात नाही, म्हणून पाण्याला टेकलेला भाग जळत नाही, वरची कड तेवढी करपते.

इजा टाळण्यासंबंधी जे आधी आले त्यात आणखी थोडी भर घालतो. सिंथेटिक ट्रॅकसूट घालून चुलीजवळ बसू देऊ नये, कारण ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडे असावेत, गळ्यातील स्कार्फ काढून ठेवावा, वेण्या आणि ओढण्या मागे बांधाव्यात. सुरी ज्याच्या हातात आहे त्याच्याभोवती हातभर अंतरात कोणी नसावे. प्रत्येक चुलीपाशी दोन बादल्या पाणी भरलेले असल्याशिवाय आगपेटी द्यायचीच नाही. भाजल्यास तो भाग २० मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावा. हळद, दंतमंजन, तूप यांपैकी काही लावू नये. सर्पदंश झाला तर आवळून बांधणे आणि चिरा देणे यांत वेळ घालवू नये, मुलाला हलू न देता रुग्णालयात न्यावे. त्यासाठी जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरची लस उपलब्ध आहे, हे आधी स्वतः जाऊन विचारून यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आपल्या गायरानापर्यंत कोणत्या रस्त्याने येईल, हेही पाहून ठेवावे.

चूल विझवणे हा स्पर्धेचाच भाग आहे, त्यानंतरचे काम नव्हे. पुष्कळ जण निखाऱ्यांवर माती लोटून मोकळे होतात. ही सवय घातक आहे, कारण मातीखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो आणि दुपारी अनवाणी खेळणाऱ्या मुलाचा पाय त्यावर पडतो. पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा पाणी ओतावे आणि हाताची उलटी बाजू राखेजवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री करावी. परीक्षकाने हे स्वतः करून पाहिल्यावरच त्या संघाचे शेवटचे १० गुण लिहावेत.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. पूर्वी मीही चूल न पेटलेल्या संघाला शून्य देत असे. त्या संघातली मुले पुढचे दोन तास रिकाम्या हाताने दुसऱ्यांकडे पाहत बसत आणि त्यांच्यातली लहान मुले पुढच्या वर्षी पथकात येतच नसत. नंतर मी नियम बदलला. दोन्ही काड्या वाया गेल्या तर त्या संघाचे पेटवण्याचे गुण जातात आणि मग त्याने शेजारच्या संघाकडे जाऊन विस्तव मागायचा. गावात आगपेटी महाग होती तेव्हा शेजारणी एकमेकींकडून खापरावर विस्तव नेत असत, तसाच. निखारा खापरावर ठेवून तो परीक्षकाने स्वतः न्यावा, मुलांच्या हाती देऊ नये. पुढची स्पर्धा त्या संघाने इतरांप्रमाणे पूर्ण करायची आणि उरलेले सर्व गुण त्याला खुले असतात. ज्या संघाने आपल्या चुलीतला विस्तव काढून दिला, त्यालाही मी दोन गुण जादा देतो.